हातोडा निसटला नाही

१९ फेब्रुवारी, दुपार

चिरंजीव धाकट्यास,

मावशीचे आशीर्वाद. तुझे पत्र पोचले. खोली मिळाली आणि खोकलाही उतरला, हे वाचून बरे वाटले. माझे गुडघे होते तसेच आहेत. चौकशी केलीस, त्याबद्दल आभार.

आता मुद्दा. या पत्रात मला एकच गोष्ट सिद्ध करायची आहे: त्या सोमवारी तुझ्या ताईच्या उजव्या हातावर हातोडा निसटून पडला नाही, तू तो मारलास. जन्मभर तर्कशास्त्र शिकवलेली बाई भाच्याच्या पत्रातही पुरावेच मांडणार, हे तू गृहीत धरलेच असशील.

तू लिहितोस, "ताईनं मला माफ केलंय. पुढच्या महिन्यात भट्टीवर ये म्हणाली. मग तुझीच हरकत का? कायम तिच्याच बाजूनं बोलत आलीस." हरकत अशी, की तिने माफ केला आहे तो अपघात. जे घडले त्याची माफी तू मागितलेली नाहीस, म्हणून तिने ती दिलेलीही नाही. आणि ज्या टेबलापाशी ती आता डाव्या हाताने काम शिकते आहे, त्याच टेबलापाशी तू पुढच्या महिन्यात हातोडा घेऊन पुन्हा उभा राहणार आहेस.

काल चाकावरचा गोळा तिच्या हातातून सुटून भिंतीवर जाऊन आदळला. ती म्हणाली, "मावशी, आता फोडायला मालाची कमी नाही बघ." आणि हसली. डॉक्टरांच्या मते मूठ वळेल. ओली माती वर ओढण्याइतका जोर बोटांत येईल का, यावर ते बोलायचे टाळतात.

तुझ्या बाजूचा युक्तिवादही मीच मांडते, कारण तो खोटा नाही.

कारखान्यातली नोकरी सोडून ताईने स्वतःचा स्टुडिओ काढला, तेव्हा तिच्याकडे चाक होते, भट्टी होती, गिऱ्हाईक नव्हते. "कप काय, सगळेच करतात. माझ्याकडं कुणी का यावं?" असे तिने मला विचारले. सदोष निघालेली भांडी ती मागच्या अंगणातल्या पिंपात गुपचूप फोडत असे. सदोष भांडी तर सगळेच फोडतात. मी म्हणाले, "हेच लोकांसमोर कर. वादात तू काय मान्य केलंस ते कुणाच्या लक्षात राहत नाही, काय नाकारलंस ते राहतं." पहिल्या व्हिडिओत तिने केसाएवढा तडा गेलेली सुरई टेबलावर ठेवली, "हे माझं नाव घेऊन बाहेर जाणार नाही" एवढेच म्हणाली आणि हातोडा घातला. तुम्ही त्याला पर्सनल ब्रँड म्हणता, आम्ही नुसते नाव म्हणत होतो. ते झाले. ते वाक्य खोक्यांवर छापले गेले, पिशव्यांवर छापले गेले. जेवणाचे सेट मागवणारे क्लायंट आधी विचारू लागले, "आमच्या ऑर्डरमधलं काही फोडणार ना?"

माती तू मळत होतास, भट्टी तू लावत होतास. कोपरापर्यंत भाजल्याचे डाग तुझ्या हातांवर आहेत. नाव मात्र तिचे. पुढे सदोष भांडी पुरेनाशी झाली, तेव्हा चांगली फुटू लागली. "यात काय खोट आहे, ताई?" असे तू विचारलेस, त्यावर तिचे उत्तर मला पाठ आहे: "शोधली की सापडते रे." त्या दिवशी आपण तिघेही हसलो होतो.

आता त्या सोमवारकडे येते. पुरावा म्हणून चित्रीकरण उपलब्ध आहे. ते पुसले गेले, असा तुझा समज आहे. तो चुकीचा आहे. फोन कुणाच्या हातात होता, हा प्रश्न तूर्त बाजूला ठेवू.

तू तुझी उंच निळी बरणी आणलीस. मातीपासून चकाकीपर्यंत एकट्याची, पहिलीच. "आज हिच्यावर माझं नाव सांग," म्हणालास. ताईने ती फिरवली, नखाने वाजवली.

"आवाज बसका आहे."

"ताई, व्हिडिओ चालू आहे."

"म्हणूनच सांगतेय. हे माझं नाव घेऊन..."

"तुझं नाव नाहीच आहे तिच्यावर!"

"दुकान कुणाचं आहे, शहाण्या?"

आणि तिने बरणी फोडली. एका घावात नव्हे. तोंड आधी उडाले, मग पोट फुटले, आणि बूड डगमगत उभे राहिले तेव्हा तिने तेही आडवे हाणले. एक खापर तुझ्या गालावर लागले. रक्ताचा ओघळ हनुवटीपर्यंत आला. तू तो पुसला नाहीस. तिने हातोडा ठेवला, उजवा पंजा टेबलावर टेकला आणि डाव्या हाताने खापऱ्या चाळू लागली. "थांब, खोट दाखवते तुला."

"दाखव," तू म्हणालास, आणि हातोडा उचललास.

निसटलेली वस्तू हातातून सुटते. घाव बसल्यानंतरही हातोडा तुझ्याच मुठीत होता, आणि मूठ दोन्ही हातांची होती. हाड मोडल्याचा आवाज चित्रीकरणात स्पष्ट आहे. कोरड्या फांदीपेक्षा तो ओला असतो. ताई टेबलाच्या कडेवरून घसरत गुडघ्यांवर आली आणि शुद्ध हरपली. हात मात्र वरच राहिला, खापऱ्यांत रुतून. पुढचे तिला ठाऊक नाही. ती मला अजूनही सांगते, "माझाच हात मध्ये आला गं."

पुढचे असे. तू त्या हाताकडे पाहिलेस आणि तिच्याच सुरात म्हणालास, "हे आता तुझं नाव घेऊन बाहेर जाणार नाही." मग दुसऱ्यांदा मारलास. बोटांवर.

पहिल्या घावाबद्दल कुणी शंका घेऊ शकेल. दुसऱ्याबद्दल नाही. प्रतिज्ञा सिद्ध झाली.

"हातोडा निसटला" हे वाक्यही तुझे नाही. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारले, तेव्हा तू भिंतीला टेकून उभा होतास. ते वाक्य मी उच्चारले; तू फक्त उचललेस. त्याला मी चूक म्हणणार नाही. ते जाणूनबुजून बोललेले असत्य होते, आणि एका दिवसात दोन्ही लेकरे गमवायची नाहीत, एवढेच त्यामागचे कारण होते. तुमची आई गेली तेव्हा शेजारपाजार म्हणाला होता, माय मरो पण मावशी उरो. उरले खरी.

उद्या सकाळी मी ताईला ते चित्रीकरण दाखवणार आहे. संपूर्ण. मग तिने पोलिसांत जावे, तुला दारातून परत पाठवावे की भट्टीवर घ्यावे, हे ती ठरवील. पण जे घडले ते पाहून ठरवील. तोवर येऊ नकोस.

बाजूला ठेवलेला प्रश्न आता घेते. पुरावा संपूर्ण दाखवायचा, तर त्यातले हेही तिला दिसेल: तू हातोडा उचलतोस. आणि त्याच क्षणी चित्राची चौकट मोठी होते. तोवर नुसते टेबल दिसत होते. आता तुम्ही दोघे डोक्यापासून कमरेपर्यंत दिसता, आणि तुझी नजर बुडाकडे नाही, खापऱ्यांकडे नाही, तिच्या पंजावर आहे. चौकट आपोआप मोठी होत नाही. फोन धरणारी व्यक्ती मागे सरली. "तुझा हात थरथरत नाही, मावशी" म्हणून ताई ते काम नेहमी मलाच देत असे. त्या दिवशीही तो थरथरला नाही. दोन्ही घाव अगदी मध्यभागी आले आहेत.

तुझी नजर कुठे आहे, हे मला दिसले होते. 'थांब' म्हणण्याइतका अवधी होता. नाकारण्याने नाव होते, हे जिने ताईला शिकवले, तिला नाकारण्याची वेळ आली तेव्हा चित्र नीट यावे एवढेच सुचले.

चूक मान्य: मी एक पाऊल पुढे टाकायचे, ते मागे टाकले.

सही,
तुम्हा दोघांची मावशी