फळ्यावरची हॉकी

सोमवार, १९ जानेवारी १९८७

आज पुन्हा तोच वाद! लिलीच्या कॅफेतल्या फळ्यावर, आजच्या सूपच्या खाली, बर्फावरच्या हॉकीत आयुष्य काढलेल्या ऑर्व्हिलनं खडूनं लिहून ठेवलंय — 'सगळ्यात अवघड खेळ : हॉकी'. नाताळपासून ते तसंच आहे. सूप रोज बदलतं, हॉकी बदलत नाही.

बाहेर उणे चौतीस. गाड्या सुरू ठेवूनच सगळे आत आलेले. साडेनऊची कॉफी आणि आमचं नेहमीचं टेबल. मरे तरुणपणी बैलावर बसायच्या स्पर्धांत उतरायचा. तो म्हणाला, "हॉकी कसली अवघड? बुजलेल्या बैलाच्या पाठीवर आठ सेकंद बसून दाखव." त्याच्या उजव्या खांद्यात अजून खिळा आहे, तो सगळ्यांना हात लावून बघायला लावतो. व्हेरा म्हणाली — माझी नणंद, लहानपणी बर्फावर नाचायची, त्यात बक्षिसं मिळवलेली — "तुम्ही पडलात की शिव्या घालता. आम्हाला पडल्यावर हसावं लागायचं. ते अवघड!" मुद्दा बिनतोड होता.

मग मी म्हटलं, कर्लिंग. बर्फावरून जड दगड सरकवायचा आणि त्याच्यापुढे झाडूनं बर्फ घासत न्यायचं, तो माझा खेळ. आणि टेबल असं हसलं की लिली स्वयंपाकघरातून बाहेर आली. ऑर्व्हिल म्हणतो कसा, "हेझेल, अगं झाडू मारणं हा जर खेळ असेल, तर माझी आई जगज्जेती होती!"

अंगाचा तिळपापड झाला. दालचिनीचा पाव अर्धा टाकून उठले. (नंतर परत जाऊन बांधून आणला. लिलीचा पाव टाकायचा नसतो.)

मंगळवार, २० जानेवारी

आजचं व्याख्यान हॉकीवर. ऑर्व्हिलनं पुढचे चार खोटे दात काढून बशीत ठेवले, पुरावा म्हणून. व्हेरानं बशी पालथ्या कपानं झाकली.

म्हणतो, आमच्या खेळात गोलकीपरनं आगळीक केली तरी तो गोल सोडून जात नाही. त्याच्या बदली दुसरा कुणीतरी शिक्षेच्या बाकावर जाऊन बसतो. "आमच्या गोलकीपर बर्टसाठी मी आख्खा एक हंगाम त्या बाकावर काढलाय!"

मी म्हटलं, "म्हणजे चूक एकाची आणि बाकावर दुसराच? हा कसला न्याय?"

"न्याय नाही गं. संघ."

दात नसताना हे वाक्य नीट येत नाही. तीनदा म्हणावं लागलं त्याला.

शुक्रवार, २३ जानेवारी

डॉक्टरकडे जाऊन आले. गुडघा. "या हंगामानंतर खाली बसून दगड सोडायचा नाही." पुढल्या वर्षीपासून काठी लावून, उभ्यानं ढकलायचा. बरेच म्हातारे खेळतात तसे, त्यात वाईट काही नाही, असंही म्हणाले. ते बत्तीस वर्षांचे आहेत.

एकोणतीस वर्षं खेळतेय. गावची फेब्रुवारीतली स्पर्धा एकदाही जिंकलेली नाही. दोनदा अंतिम सामन्यात हरले. तो चषक काचेच्या कपाटात आहे, बर्फाच्या हॉलमध्ये शिरताना डाव्या हाताला. मी त्याच्याकडे बघत नाही. बघत नाही म्हणजे रोज बघते.

तेव्हा जिंकायचं तर यंदाच. हे फक्त इथे लिहितेय. कॅफेत कळलं तर ते लोक दयेनं वागायला लागतील. मग वादात काय मजा?

बुधवार, २८ जानेवारी

आमच्या संघातल्या ग्लॅडिसचं मनगट मोडलं! चर्चच्या पायऱ्यांवर, हातात पेरोगीचं, म्हणजे बटाटा भरलेल्या उकडलेल्या करंज्यांचं, पातेलं. पेरोगी वाचल्या, मनगट गेलं.

संघात आता मी, व्हेरा आणि पोस्टातली पॅम. चौथं माणूस कुठून आणू? गावात ज्याला चालता येतं तो आधीच कुठल्या ना कुठल्या संघात आहे.

कॅफेत रडगाणं गायले. ऑर्व्हिल पावाला लोणी लावत म्हणाला, "मी येतो की. झाडूच तर मारायचाय. दोन आठवड्यांत शिकीन." मी म्हटलं, "आणि नाही जमलं तर?" तो म्हणाला, "तर फळा माझ्या हातानं पुसीन, आणि तू सांगशील ते लिहीन."

लिली साक्षीदार. मरेनं टेबलावर मूठ आपटली. त्याच खांद्याची — मग कळवळला.

शनिवार, ३१ जानेवारी

हसून हसून पोट दुखतंय, लिहिता येत नाही!

ऑर्व्हिल चाळीस वर्षं स्केटवर काढलेला माणूस. बर्फ म्हणजे माझं अंगण, म्हणाला. कर्लिंगच्या बुटाला एका पायाला गुळगुळीत तळ असतो, दुसऱ्याला रबरी. यानं गुळगुळीत पाय आधी टाकला आणि संपूर्ण अंगण पाठीवर पार केलं. वर बघत. दगड मागे राहिला, माणूस घरात पोचला! (घर म्हणजे त्या टोकाची गोल चक्रं — दगड तिथं मधोमध जाऊन थांबला पाहिजे.) पॅम म्हणाली, "अगदी मधोमध थांबलाय, याचा गुण द्यायचा का?"

उठला, कपडे झटकले, पुन्हा पडला. सोळा वेळा. व्हेरा ओरडत होती, "हस, ऑर्व्हिल! पडलं की हसायचं!"

बुधवार, ४ फेब्रुवारी

झाडू मारताना नाकी नऊ आले त्याला. दगडाच्या पुढे पळत पळत बर्फ घासायचं, वीस किलोचा दगड अंगावर येतोय, वेग मोजायचा, माझं ओरडणं ऐकायचं आणि अडखळायचं नाही. चौथ्या फेरीला गुडघ्यावर हात टेकून उभा राहिला. म्हणाला, "आईची माफी मागायला हवी."

एक गोष्ट मात्र त्याच्या डोक्यात शिरेना. चालत्या दगडाला आपला झाडू किंवा बूट लागला तर तो दगड जळाला. बाद. आणि पंच नसतो. ज्याचा लागला त्यानंच हात वर करायचा.

"आणि कुणी पाहिलंच नसेल तर?"

"तरी."

"अंतिम सामना असेल तर?"

"तरी!"

त्यानं झाडू खाली टेकला. "आमच्यात पंचाला दिसलं नाही ते घडलंच नाही. तुम्ही लोक वेडे आहात."

मी त्याला मोठं प्रवचन दिलं. म्हटलं, कुणी बघत नसताना सरळ वागायचं, यालाच तर अवघड म्हणतात. छान बोलले. मलाच आवडलं.

गुरुवार, १२ फेब्रुवारी

स्पर्धा सुरू. पहिला सामना जिंकलो. ऑर्व्हिल दोनदाच पडला.

शुक्रवार, १३ फेब्रुवारी

दुसराही जिंकलो! तेरा तारीख आणि शुक्रवार, तरी! पॅमनं आजवर एवढा चांगला दगड टाकलेला नाही. ऑर्व्हिलला घासताना बघायला मरे आणि लिली काचेमागे येऊन बसले. लिलीनं कॅफेच्या दारावर पाटी लावली म्हणे, 'सूप नाही, कर्लिंगला गेले आहे.'

गुडघा सुजलाय. बर्फ लावून बसलेय. दिवसभर बर्फावर, संध्याकाळी बर्फ गुडघ्यावर!

शनिवार, १४ फेब्रुवारी

उद्या अंतिम. आयडाच्या संघाशी. पलीकडच्या गावची आयडा, सत्तर वर्षांची, दगड सोडते तेव्हा चेहऱ्यावरची माशी हलत नाही.

ऑर्व्हिलनं व्हॅलेंटाइनचं कार्ड दिलं. आत लिहिलंय, 'कर्णधार, उद्या ओरडताना माझं नाव तरी बरोबर घे.' मी काय म्हणते? म्हणे 'ऑर्व्हिल'च्या जागी दोनदा 'गाढवा' म्हटलं.

रविवार, १५ फेब्रुवारी

हरलो. एका गुणानं.

लिहितेच सगळं. शेवटचा दगड माझा. तो घरात मधोमध गेला की चषक आमचा. खाली बसले, गुडघा गप्प राहिला, दगड हातून सुटला — इतका सुंदर सुटला! पण थोडा कमजोर. व्हेरा पलीकडे घरात उभी, बोंबलतेय, "घासा! घासा!" पॅम आणि ऑर्व्हिल जीव तोडून घासतायत. मीही उठले, धावत गेले, झाडू लावला. तिघं त्या एका दगडावर! घराच्या तोंडाशी माझ्या गुडघ्यानं दगा दिला, कशीबशी सावरले. आणि दगड गेला. हळू, हळू, अगदी मधोमध.

काचेमागे सगळे उभे राहिले. मरेची टोपी उडाली. पॅम मला मिठी मारतेय, व्हेरा रडतेय.

आणि ऑर्व्हिलनं हात वर केला.

"जळाला," म्हणाला. "माझा झाडू लागला. घराच्या आधी."

कुणी काही पाहिलं नव्हतं. आयडासुद्धा म्हणाली, "नक्की?" तो म्हणाला, "नक्की." आयडानं मान हलवली आणि पायानं आमचा दगड बाजूला सारला. अगदी हळू सारला.

मी झाडू उचलून भिंतीला लावला.

नंतर रीतीप्रमाणे जिंकणाऱ्यांनी हरणाऱ्यांना पेय पाजलं. आयडा ऑर्व्हिलच्या शेजारीच बसली, त्याच्या पाठीवर थापा मारत. सगळा हॉल त्याच्याभोवती. हॉकीवाल्यानं हात वर केला! मीही हसत होते. दमले म्हणत लवकर निघाले.

सोमवार, १६ फेब्रुवारी

कॅफेत शिरले तर टाळ्या चाललेल्या. ऑर्व्हिल फळ्यापाशी. 'हॉकी' पुसून त्यानं मोठ्या अक्षरांत लिहिलं — 'कर्लिंग'. मरे उठून म्हणाला, "बैलावर बसायला मला कधी भीती वाटली नाही. पण भरल्या हॉलमध्ये, चषक हातात आलेला असताना, आपणच आपला दगड बाद करायचा? मला नसतं जमलं." व्हेरानंसुद्धा मत दिलं. लिलीनं सगळ्यांना सॅस्काटून बेरीची, म्हणजे इथल्या जांभळ्या रानफळांची, गोड पाई वाढली.

महिनाभर हेच तर हवं होतं मला! बशी तशीच सोडून उठले.

बाहेर ऑर्व्हिल गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडत होता. विचारलं, "तुझा झाडू खरंच लागला?"

खरवडत राहिला. "थंडी फार आहे, हेझेल. गुडघा घेऊन घरी जा."

गुडघ्याचं मी त्याला कधी सांगितलं?

मंगळवार, १७ फेब्रुवारी

कॅफेत गेले नाही. व्हेराला फोन करून सांगितलं, मला सर्दी झालीय.

बुधवार, १८ फेब्रुवारी

माझा बूट लागला होता. उजव्या बुटाचं टोक, गुडघा वळला तेव्हा. मला कळलं होतं, आणि माझा हात वर गेला नाही. ऑर्व्हिलचा झाडू दगडापासून वीतभर दूर होता. त्यानं पाहिलं, आणि माझ्या जागी बाकावर जाऊन बसला.

आज साडेनऊला सगळे जमल्यावर हात वर केला. शाळेतल्या पोरीसारखा, सरळ. सांगून टाकलं सगळं. आयडालाही लिलीच्या फोनवरून सांगितलं. मग फळा पुसायला उठले.

ऑर्व्हिलनं फडकं माझ्या हातातून काढून घेतलं.

"राहू दे," म्हणाला. "दोन दिवस खोटं होतं. आता खरं झालं."