सहा फुलं

ग्दिनिया, १ सप्टेंबर २०१९

ती. ब्रोन्याताईस,
सा. न. वि. वि.

सतरा वर्षांनी माझं पत्र पाहून तू आधी मागची बाजू उलटून बघशील, मला ठाऊक आहे. अक्षर लुद्मिलाचं आहे, शब्द माझे. मुलगी हाताशी आहे म्हणून लिहून तरी होतंय. माझा उजवा डोळा गेला. डाव्याचं ऑपरेशन तीन ऑक्टोबरला आहे. राहील की जाईल, हे डॉक्टरही छातीठोक सांगत नाहीत.

त्याआधी तुला एकदा बघायचंय. तुझ्या घरी यायला तोंड नाही. आई आपल्याला रविवारी लाझिएन्की बागेत न्यायची, तिथे भेटशील का? फोन मुद्दाम केला नाही. गेल्या खेपेला जे बोललो ते फोनवरच बोललो होतो.

तुझा,
झेनोन

वॉर्सा, ५ सप्टेंबर

चि. झेनोन यास,
अ. उ. आ.

पंधराच्या रविवारी ये. बाग आता तू सोडून गेलास तशी राहिलेली नाही, म्हणून नीट वाचून घे.

सेंट्रल स्टेशनवर टॅक्सीवाले अंगावर येतील, त्यांच्याकडे बघूही नकोस. बस पकड आणि पुतळ्याच्या फाटकाशी उतर. शोपँच्या पुतळ्यापाशी बाराला पियानो असतो आणि परत चारला. फुकट असतो, म्हणून अकराला समोरची बाकं भरतात. पुतळ्यासमोर बसू नकोस, डोक्यावर ऊन येतं. गुलाबांच्या कडेला, तळ्याच्या डाव्या अंगाला आईचं बाक अजून आहे. तिथे साडेअकराला बस. गवतावर पाय टाकलास तर रखवालदार सगळ्यांदेखत शिट्टी मारतो. खारींसाठी अक्रोड आण, खारवलेले दाणे नकोत. हाक तीच मारायची, ‘बासिया, बासिया’. मोरांना मात्र काही देऊ नकोस, ते माजलेत.

फुलं आणणार असशील तर मोजून घे. हल्लीच्या दुकानांतल्या पोरी सहा काय, आठ काय, कशीही बांधून देतात. सम फुलं मेलेल्यांना, हे त्यांना कुणी शिकवलेलंच नाही. मी अजून जिवंत आहे.

तुला लांबचं दिसणार नाही, म्हणून तू शोधत फिरू नकोस. बसून राहा. मी येऊन हाक मारीन.

गळपट्टा घाल. तळ्यावरून वारा येतो.

ब्रोन्या

वॉर्सा, १५ सप्टेंबर, संध्याकाळ

झेनोन,

आज आशीर्वाद लिहायला हात उचलत नाही.

मी आले होते. अकरा वाजल्यापासून गुलाबांच्या मागे उभी होते. तू आलास, बाक चाचपून बसलास. किती म्हातारा झालास रे. एका हातात काठी, दुसऱ्यात पांढरी शेवंती. गळपट्टाही घातला होतास. हाक ओठांवर आली होती. मग मी फुलं मोजली. सहा. परत मोजली. सहाच.

आईला तीन दिवस ठेवली होती आम्ही तुझ्यासाठी. तुझं जहाज भर समुद्रात होतं, निरोप उशिरा मिळाला, हे सगळं मला तेव्हाही कळत होतं. तरी तुला आईपेक्षा जहाजाचं इंजिन प्यारं, असं मी बोलले. ते मी बोलायला नको होतं. पण तू काय म्हणालास ते आठवतंय? म्हणालास, माझ्यापुरती तूही तिच्याबरोबर गेलीस. सतरा वर्षं मी स्वतःला समजावलं की रागात माणूस काहीही बोलतो. आणि मी पत्रात बजावून लिहिल्यावरही तू सहा फुलं घेऊन आलास.

पियानो सुरू झाला तशी मी निघून आले. लोक वळून बघत होते, कारण वाजवत असताना आपल्याकडे कुणी उठत नाही.

तुझे डोळे बरे होवोत. पत्र पाठवू नकोस.

ब्रोनिस्वावा

ग्दिनिया, १८ सप्टेंबर

ती. ताईस,
सा. न.

पाठवू नकोस म्हणालीस तरी पाठवतो आहे. तू मला बघितलंस आणि मी तुला नाही, हे काही मनातून जात नाही.

तुझी फुलं लुद्मिलाजवळ होती. सात पिवळी डेलिया, मी बोटांनी चाचपून मोजलेली. काठी सांभाळून मला दोन गुच्छ धरता येईनात. मला बाकाच्या वाटेला लावून ती तुझी फुलं घेऊन परत फाटकावर कडक पावाची कडी आणायला गेली, तुला आवडतात म्हणून. तिथे मोठी रांग होती.

ती सहा आईची होती. पियानो संपला की तुला म्हणणार होतो, मला आईकडे ने. तिला ब्रुद्नोच्या दफनभूमीत ठेवलंय एवढंच मला माहीत आहे. तीनदा फाटकापर्यंत जाऊन आलो. आत शहराएवढी माणसं निजलीत, त्यांत आपली कुठे? कचेरीत स्वतःच्या आईचा पत्ता विचारायची लाज वाटली. तिसऱ्या खेपेला फुलं फाटकावरच्या बाईला देऊन टाकली.

रविवारी चारचा पियानोही ऐकला. ऐकला म्हणजे काय, कान तुझ्या हाकेकडेच होते. एक खार गुडघ्यावर चढली तर मला वाटलं तुझा हात. बाग बंद व्हायच्या सुमारास लुद्मिलाने उठवलं.

फोनवरचा तो शब्द मी त्याच दिवशी गिळला असता तर बरं झालं असतं. चूक माझी आहे, ताई.

ऑपरेशनला पंधरा दिवस आहेत.

झेनोन

वॉर्सा, २१ सप्टेंबर

चि. झेनोन यास,
अनेक, अनेक आशीर्वाद.

एकोणतीसच्या रविवारी या. नीट वाचून घे.

या खेपेला सेंट्रलला उतरू नका, त्याच्या आधीचं पूर्व स्टेशन. तिथून ट्राम आहे. दफनभूमीच्या मोठ्या फाटकाशी उतरा. बाहेरच्या बायका मेणाचे दिवे दुप्पट भावाने विकतात, ते घेऊ नका, मी घरून आणते. आत वाट खडबडीत आहे आणि मुळं वर आलीत, तेव्हा काठी उजव्या हातात धर, डाव्या बाजूला मी असेन. आई लाकडी चर्चच्या मागे आहे, तिसऱ्या ओळीत, बर्चच्या झाडाखाली. दगडावर तिच्या नावाखाली मी तेव्हा ‘मुलगी आणि मुलगा’ असंच कोरून घेतलं होतं. रागात होते, तरी एकटीचं नाव घालवेना. अक्षरं खोल आहेत, बोटांना लागतील.

फुलं सहाच आण. माझी सात वेगळी, आणि ती तू धर. आईची लुद्मिला धरेल.

फाटकाशी उभा राहा. मी लांबून बघत बसणार नाही. ट्राममधून उतरतानाच हाक मारीन, लोक बघेनात का.

तुझी,
ब्रोन्याताई