कपाळावरचा चिखल

मढ कोळीवाडा, मालाड (पश्चिम)
बुधवार, १२ नोव्हेंबर २०२५

प्रिय भाऊ,

खाडीकाठावरून नाहूरला, तुला आणि कुंदावहिनींना मनापासून नमस्कार. तुझ्या कानातलं यंत्र आता नीट चालतंय का? मागच्या वेळी फोन केला तर तू सहा वेळा ‘हॅलो’ म्हणालास आणि सातव्यांदा ‘राँग नंबर’ म्हणून ठेवून दिलास. म्हणून हा कागद. वहिनींचे गुडघे कसे आहेत? त्यांना सांग, जिना उलटं तोंड करून उतरायचा. मी तसाच उतरतो. लोक हसतात, पण गुडघा रडत नाही. देवव्रतचं ब्लडप्रेशर उतरलं का? बँकेतली खुर्ची आणि ताटातलं मीठ, दोन्ही कमी कर म्हणावं. आणि नात गार्गीच्या दातांची तार निघाली की नाही अजून?

इकडे सगळे ठणठणीत. सखुबाईला साखर निघालीय, पण तीच साखरेला धाकात ठेवते. अल्पेशची बोट दिवाळी झाल्यापासून रोज बाहेर आहे. सूनबाई नमिता मोबाइलवरून मासे विकते. गिऱ्हाईक बोरिवलीचं, पापलेट आमच्या दारातलं, मध्ये हिचं बोट. जमाना बघ.

तुझ्याकडे एक काम आहे, ते शेवटी सांगतो. आधी बातमी.

इथल्या मैदानाला नवी भिंत बांधलीय. शीतल म्हणून एक पी.टी.च्या बाई आहेत, मुलींना फुटबॉल शिकवतात. त्यांनी ठरवलं की भिंतीवर उपनगरातल्या जुन्या, कुणाला ठाऊक नसलेल्या खेळाडूंची चित्रं काढायची. पहिला नंबर माझा लागला. कुणाला ठाऊक नसण्यात का होईना, पहिला आलो.

बाई वही घेऊन ओट्यावर बसल्या, नमिताने तळलेले बोंबील पुढे ठेवले, आणि त्यांनी माझं ‘करिअर’ विचारलं. भाऊ, हा शब्द माझ्या बाबतीत कुणी पहिल्यांदाच वापरला. मी जरा ताठ बसलो.

सगळं सांगितलं. बोंबील सुकवायच्या काठ्यांचे गोलपोस्ट करून वाळूत अनवाणी खेळायचो ते. आपल्या सरिता पंखे कंपनीचे खेळाचे साहेब वनभोजनाला इथे आले आणि माझा डावा पाय बघून मला घाटकोपरला घेऊन गेले ते. एकोणिसावं वर्ष, सातवी पास. सकाळी पंखे खोक्यात भरायचे, दुपारी सराव. पगारी फुटबॉलपटू म्हणजे काय, तर पंखे भरणारा डावखुरा माणूस. गोव्याच्या क्लबात एक हंगाम खेळलो तेही सांगितलं. तिथली कढी आंबट आणि सखुबाईची पत्रं त्याहून आंबट, म्हणून परत आलो. मुंबईच्या संघाच्या शिबिरात शेवटच्या दिवशी बावीस नावं वाचली, आणि मी तेविसावा. बाई हळहळल्या. मी म्हटलं, अहो, शिबिरात वीस दिवस रोज दोन अंडी मिळाली, ती कुणी परत घेतली नाहीत.

मग क्रिकेट. तुम्हा अकाउंट्सवाल्यांना एकदा अकरावा माणूस मिळेना म्हणून तू मला ओढून नेलंस. मग मी कंपनीच्या संघातच चिकटलो. सहा हंगाम, दहाव्या नंबरवर बॅटिंग, सर्वात जास्त एकवीस, त्यातल्या चार ओव्हरथ्रोच्या. पण सीमारेषेवरून माझा फेकलेला चेंडू यष्टीवर यायचा, कारण लहानपणापासून जाळं फेकणारा हात. बाईंनी विचारलं, दोन्हीत जास्त आवडता खेळ कुठला? मी सांगितलं, फुटबॉलने पगार दिला आणि क्रिकेटने दुपारचं जेवण. माणसाला दोन्ही लागतं.

सत्त्याहत्तरची आपली फुटबॉलची फायनल झाली, तो गोल झाला, मी नोकरीत कायम झालो. पंचाऐंशीत गुडघा गेला तरी नोकरी राहिली, त्यातून घर झालं, बोट झाली. हे मी एका दमात सांगून टाकलं आणि बाईंना आणखी बोंबील वाढले.

पण त्यांचं लक्ष घरातल्या भिंतीकडे. तिथे एकवीरा आईच्या शेजारी पेपरातला तो फोटो आहे, तुला आठवत असेल. तू मला खांद्यावर घेतलंयस, मी हात पसरून ओरडतोय. अठ्ठेचाळीस वर्षांत घरात आलेला प्रत्येक माणूस तो बघून गेला. सगळे वर बघतात, माझ्याकडे. बाईंनी मोबाइलवर फोटो काढला, दोन बोटांनी मोठा केला आणि खाली बघितलं, तुझ्याकडे. म्हणाल्या, “काका, यांच्या कपाळावर हा गोल डाग कसला?”

मी म्हटलं, चिखल. त्या दिवशी सगळेच माखलो होतो.

“मग बाकीचा चेहरा एवढा स्वच्छ कसा?”

तेवढ्यात नमिताने चहाला हाक मारली आणि मी सुटलो. सुटलो कसला. तीन दिवस जेवताना काटा अडकल्यासारखं होत होतं, आणि ताटात तर वरणभात. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. पण मूठ इतकी वर्षं झाकली की बोटं आखडतात रे.

भाऊ, तो गोल तुझा.

तुला माहीत आहे, मला माहीत आहे. माझा फटका बाहेर चालला होता, हातभर तरी. तू मध्ये आलास, कपाळ लावलंस, आणि चेंडू आत. रेफ्री चिखलात मागे राहिलेला, त्याला माझा पाय दिसला, तुझं डोकं नाही. आणि तो काही बोलायच्या आत तूच बोंब मारलीस, हरेश्वरने मारला, हरेश्वरने मारला, आणि मला उचललंस. कडेला साहेब यादी घेऊन उभे होते. आम्ही पाच टेम्पररी, त्यातले दोघे कायम होणार. तू आधीच कायम, तुला त्या गोलाचा काय उपयोग, असा तू हिशोब केला असशील. तू तसलाच.

मी मान हलवून ‘नाही’ म्हणू शकलो असतो. म्हणालो नाही. पुढेही नाही. तुझे आभारसुद्धा मानले नाहीत, कारण आभार मानायचे तर आधी कबूल करावं लागलं असतं. खांद्यावर बसलेल्या माणसाला खाली उतरायला वेळ लागतो. मला अठ्ठेचाळीस वर्षं लागली.

परवा सखुबाईला सांगितलं. ती कोळंबी सोलत होती. मान वर न करता म्हणाली, “म्हणजे त्या गोलाच्या जोरावर इतकी वर्षं तुमी एकदा पण पाण्याचा हंडा उचलला नाय?” कालपासून पाणी मी भरतोय. खरं सांगू, हंडा जड आहे आणि छाती हलकी आहे. पोरासारखं शीळ घालत भरतो. शेजारणी विचारतात, काकांना झालंय काय.

मग मैदानावर जाऊन बाईंनाही सांगितलं. त्या माझ्यावर रागावतील असं वाटलं होतं, तर त्या हसत सुटल्या. म्हणाल्या, हे तर आणखी झकास, आता चित्रात दोघांनाही घेऊ. पण खाली ओळ लिहायची आहे, विजयी गोल अमक्याचा, आणि पेपरात नाव माझं छापलंय. ते बदलायचं तर दुसऱ्या माणसाच्या हातचं काहीतरी हवं, असं त्या म्हणतात. रंगारी तेवीस तारखेला, रविवारी येणार. तर काम हे आहे. एका ओळीत लिहून पाठव, चेंडू शेवटी कुणाला लागला.

आता तुझा स्वभाव मला ठाऊक आहे. तू लिहिशील, ‘हऱ्या, म्हातारचळ लागलाय तुला, गोल तुझाच.’ तसं लिहू नकोस. लिहिलंस तर मला दुसरी गोष्ट उघडी करावी लागेल. ही पुढची ओळ वहिनींना वाचून दाखवू नकोस.

तुझं अर्धशतक, भाऊ. एकोणऐंशी साल, तुमचं अकाउंट्स विरुद्ध आमचं डिस्पॅच, आयुष्यातली तुझी एकमेव फिफ्टी. तुझे अण्णा पहिल्यांदाच तुझा खेळ बघायला आले होते, छत्री घेऊन झाडाखाली बसलेले. तू सत्तेचाळीसवर होतास आणि उंच मारलास, सरळ माझ्याकडे. तो झेल माझ्या ओंजळीत येऊन बसला होता. मी ओंजळ उघडली. चेंडू टप्पा घेऊन दोरीबाहेर गेला. आमचा कॅप्टन खवळला, कोळ्याच्या हातातून मासा सुटतोच कसा म्हणून. मी म्हटलं, ऊन डोळ्यात आलं. आभाळ भरलेलं होतं.

मला वाटायचं, तुला कळलं नाही. पण परवा फोटो बघता बघता आठवलं. बॅट वर केलीस तेव्हा आधी अण्णांकडे बघितलंस, आणि मग बराच वेळ सीमारेषेकडे, माझ्याकडे. तुलाही कळलं होतं ना? त्याबद्दल तूही कधी अवाक्षर काढलं नाहीस. ती फिफ्टी तुझीच राहू दे, ती अण्णांनी बघितलेली आहे. पण गोल परत घे. तोही गार्गीला बघू दे.

तेवीसला सगळ्यांना घेऊन ये. वहिनींसाठी रिक्षा थेट मैदानाच्या दारापर्यंत येते. त्यांना मासे चालत नाहीत म्हणून सखुबाई त्यांच्यापुरती वेगळ्या भांड्यात पुरणपोळी करणार आहे. तुझ्यासाठी भरलेलं पापलेट. वहिनींकडे बघत खायचं नाही, एवढीच अट.

पण त्याआधी उत्तर हवं. आजच बस, लिहायला कानातलं यंत्र नाही लागत, चष्मा लाव आणि एक ओळ खरडून लगेच पेटीत टाक. पोस्टमन इकडे सकाळी अकराला येतो. उद्यापासून हंडा भरून मी ओट्यावरच बसणार आहे.

तुझ्या खांद्यावरून आत्ताच उतरलेला,
हरेश्वर