पेनरिथच्या बाईचं वस्त्र

मनुरेवा, ऑकलंड
१२ मार्च २०१७

ती. अक्का,
शि. सा. न. वि. वि.

तुला फोनवर ऐकू येत नाही आणि मला ओरडवत नाही, म्हणून पत्र. जुई, देवव्रत मजेत आहेत. सिद्धी नऊ वर्षांची झाली. मी मराठीत विचारतो, ती इंग्रजीत उत्तर देते, आणि दोघांनाही वाटतं की समोरच्याला अजून शिकवायला हवं. परवा जुईने डेअरीतून दूध आणायला सांगितलं. मी गोठा शोधत दोन चौक पुढे गेलो. इथे कोपऱ्यावरच्या वाण्याच्या दुकानाला डेअरी म्हणतात, हे मला कोणी सांगेल तर ना!

आता मुद्द्याचं. ज्या टॉमस पेनरिथचं चरित्र मी एकतीस वर्षं लिहितोय, त्याचं ‘पायरीवरची रोमन बाई’ हे चित्र याच शहरातल्या गॅलरीत आहे. लोकरीच्या एका व्यापाऱ्याने ते विलायतेहून आणलं होतं. सध्या ते भिंतीवर नाही, कोठारात आहे. पाहायला अर्ज लागतो. जुईने भरून दिला आणि माझ्या नावापुढे ‘संशोधक’ लिहिलं. मिरजेच्या शाळेत तेहतीस वर्षं चित्रकला शिकवून जे झालो नाही, ते इथे पाच मिनिटांत झालो.

मी या चित्राचा फक्त काळा-पांढरा छाप पाहिलाय, तोही शाळेच्या लायब्ररीतल्या जुन्या ग्रंथात. इंटरनेटवरही तोच आहे. त्या बाईचं वस्त्र लाल आहे, यावर माझं चाळीस पानांचं प्रकरण आहे. काशिनाथ मात्र ते पिवळं आहे म्हणाला, आणि तेही शिक्षकांच्या खोलीत, सगळ्यांसमोर, हसून. त्याला अठरा वर्षं झाली, तेव्हापासून आमचं बोलणं बंद. आता काय तो निकाल लागेल. त्याला इतक्यात काही बोलू नकोस.

लहान भावावर आहे तसाच जीव असू दे.
चंद्रहास

सांगली
४ एप्रिल २०१७

चि. चंद्रहास यास अ. उ. आ.

पत्र पोचलं. गोठा शोधलास हे वाचून इतकी हसले की शेजारच्या सुलेखाबाई काय झालं म्हणून धावत आल्या. त्यांनाही वाचून दाखवलं. रागावू नकोस.

काशिनाथला मी काही बोलले नाही, पण तो येऊन गेला. दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढलेत. माझ्याकडे बघून म्हणाला, तुम्ही किती म्हाताऱ्या झालात. बरं दिसायला लागल्यावर माणसाने इतकं खरं बोलू नये. जाताना चपला घालत उगीच विचारल्यासारखं विचारलं, की चंद्रहास तिकडे काही बघून आला का. मी म्हटलं, मेंढ्या बघितल्यात.

एक सांगते. वस्त्र लाल निघालं तर फुशारकी मारू नकोस. पिवळं निघालं तर लपवू नकोस. तुला दोन्ही जमत नाही, हे मला तू चड्डीत होतास तेव्हापासून माहीत आहे. आणि तुझ्या त्या पेनरिथचं पुस्तक मी जायच्या आत संपव. मला यंदा ऐंशी पूर्ण होतील.

सिद्धीला माझा मराठीतला पापा. मला अधूनमधून आठवत जा.
तुझी अक्का

मनुरेवा
१४ मे २०१७

ती. अक्का,
शि. सा. न. वि. वि.

चित्र पाहिलं. सावकाश सांगतो, कारण मला स्वतःलाच ते सावकाश पचतंय.

जुईला सुट्टी नव्हती. मी आणि सिद्धी ट्रेनने गेलो. गॅलरीतल्या अरोहा नावाच्या बाईंनी किया ओरा असा इथला माओरी नमस्कार करून स्वागत केलं, मी हात जोडले. तळघरात चित्रं उभ्या जाळ्यांवर टांगलेली असतात. त्यांनी एक जाळी सरकन बाहेर ओढली.

हिरवं, अक्का. चांगलं ठसठशीत हिरवं. मी चष्मा काढला, पुसला, घातला. तरी हिरवंच. सिद्धी तिच्या इंग्रजीत म्हणाली, आजोबा, हे हीप्स ग्रीन आहे, म्हणजे भलतंच हिरवं. मी म्हटलं, मला दिसतंय.

मग अरोहाबाईंनी फाइल दाखवली. तीत पेनरिथच्या मेव्हणीचं पत्र होतं. हा पेनरिथ थडगी कोरणाऱ्या पाथरवटाचा मुलगा. आयुष्यभर रोम रंगवलं, पण रोमला कधी गेला नाही, कारण बोट लागायची. एकदा निघाला, तर फ्रान्सच्या किनाऱ्यावर उतरून उलट्या करत परत आला. पाडलेल्या हॉटेलच्या न्हाणीघरातली संगमरवरी फरशी त्याने घरी आणली, आणि तिच्यावर बायकोला लंडनच्या थंडीत तासन् तास बसवायचा. मेव्हणीची तक्रार अशी की बहिणीला सर्दी झालीच, वर दिवाणखान्याचा हिरवा पडदा काढून तिला गुंडाळला, तो अजून परत लावलेला नाही.

पडदा! मी त्या लाल रंगात संताप पाहिला, विरह पाहिला, एका साम्राज्याचा अस्त पाहिला. चाळीस पानं.

पण अक्का, तो संगमरवर! त्याच्यावर पडलेलं ऊन असं, की हात ठेवला तर ऊब लागेल. ते ऊन या माणसाने कधी पाहिलेलं नव्हतं. तरुणपणी त्याचे छाप घरोघरी होते, नंतर फॅशन बदलली, आणि त्याच्या अंत्ययात्रेला अकरा माणसं होती. मला रडू आलं. सिद्धीने माझा हात धरला आणि पहिल्यांदाच मराठीत म्हणाली, रडू नको ना.

काशिनाथला एवढ्यात सांगू नकोस. तोही चुकलाय, पण आधी मी चुकलोय.

तुझ्या मायेवर भरवसा ठेवून,
चंद्रहास

सांगली
२ जून २०१७

चि. चंद्रहास यास अ. उ. आ.

मी सांगणार नाही. तू सांगायचं आहेस.

आणि रंगाचंच नाही. काशिनाथची बायको विमल गेली तेव्हा तू मिरजेतच होतास. त्यांच्या घरापासून सात मिनिटांवर. तू दोन ओळींचं कार्ड पाठवलंस. ती तुला दर दिवाळीला अनारसे करून द्यायची, भांडणानंतरही, माझ्या हाती. तू ते खायचास. पडद्याबद्दल नंतर लिही, आधी हे लिही.

रागावले आहे, पण आशीर्वाद कमी केलेले नाहीत.
अक्का

मनुरेवा
२५ जून २०१७

प्रिय काशिनाथ,
स. न. वि. वि.

हे पत्र चार वेळा लिहून फाडलं. देवव्रतने विचारलं की बाबा, घरात कागद आणखी आणू का.

विमलवहिनी गेल्या तेव्हा मी तुझ्या गल्लीच्या तोंडापर्यंत आलो होतो. दारात माणसं दिसली. वाटलं, मला पाहून सगळे म्हणतील, हा आत्ता कशाला आला. मागे फिरलो. आठ वर्षं मी स्वतःला सांगतोय की तू मला हसला होतास म्हणून मी आलो नाही. खरं म्हणजे मला लाज वाटली होती. माझं चुकलं.

वस्त्र लाल नाही. हिरवं आहे, दिवाणखान्याच्या पडद्याचं. ते प्रकरण मी फाडलं. पुस्तक आता पुढे न्यावं की नाही, हे कळत नाही.

उत्तर द्यावंस असा हक्क मला नाही. पण वाट बघेन.
चंद्रहास

मिरज
२० जुलै २०१७

प्रिय चंद्रहास,
स. न. वि. वि.

हिरवं आहे हे मला २०११ पासून माहीत आहे.

आपला यतीन आठवतो? दहावी ब, वर्गात सतत विमानं काढायचा. तो तिकडे ऑकलंडमध्येच, ईस्ट टामाकीत, एका गोदामात सुपरवायझर आहे. तेव्हा चित्र भिंतीवर होतं. त्याने जाऊन फोटो काढला आणि मला पाठवला. तुला पाठवायला त्याला धीर झाला नाही. तू त्याला एकदा पट्टीने मारलं होतंस.

फोटो बघून आधी मला आनंद झाला, की तू चुकलास. मग दिसलं की मीही चुकलोय. पाकीट घेऊन तुझ्या फाटकापर्यंत आलो. तू खिडकीत बसून लिहीत होतास. माझ्यावरच्या रागाने का होईना, लिहीत होतास. फोटो दाखवला असता तर तू लिहिणं थांबवलं असतंस. आणि विमल गेल्यावर तू का आला नाहीस, हे मला विचारावं लागलं असतं. ते माझ्याने झालं नसतं. मीही मागे फिरलो. म्हणजे एकमेकांच्या दारातून परत जाण्यात आपली बरोबरी झाली.

प्रकरण फाडलंस ते बरं केलंस. पुस्तक फाडू नकोस. पडद्यापासून सुरू कर. अंत्ययात्रेची अकरा माणसं कोण होती, तेही शोध. तुझं पत्र आल्यावर अक्कांनी मला त्यांना आलेली तुझी सगळी पत्रं वाचून दाखवली, त्यांच्यावर चिडू नकोस. मी चहा दोनदा घेतला.

आता एक. त्या बाईच्या पायाशी जे जनावर आहे, ते कुत्रं आहे. तू पुस्तकात बोकड लिहिलंयस असं अक्का म्हणाल्या. फोटोत नीट दिसत नाही, पण बोकड इतक्या ऐटीत बसत नाही. पुन्हा जा आणि नीट बघ. पत्राने कळवू नकोस. इथे माझ्या घरी येऊन, समोर बसून सांग.

तुझाच, आणि कुत्र्याच्या बाबतीत ठाम,
काशिनाथ