कागदी बायांचं कुंकू

माय, तुझ्या चित्रांतल्या बाया काल लोकांनी बघितल्या. केजच्या एका पतसंस्थेच्या सभागृहात, काचेच्या चौकटींत, दिव्यांखाली. जुन्या दिवाळी अंकांची मुखपृष्ठं मी इतकी वर्षं जमवत आले, रद्दीवाल्यांकडून, मोडीत निघालेल्या वाचनालयांतून. पण मधोमध लावली ती तुझीच, नांदूरघाटच्या आपल्या घरातली. लोक वाहवा करत होते आणि मला तोंड कुठं लपवावं असं झालं होतं.

दुष्काळाचं साल होतं. बाबा त्याच उन्हाळ्यात गेले आणि तू सोसायटीचं ऑफिस झाडायला जाऊ लागलीस. चेअरमनसाहेबांचे वाचून झालेले अंक रद्दीत निघाले की तू त्यांची मुखपृष्ठं मागून आणायचीस. खळ करावी तर पीठ खायलाच पुरत नाही, म्हणून तू बाभळीच्या काट्यांनी ती मातीच्या भिंतीत टोचतेस. तळ्यात पाय सोडून बसलेली बाई तुझी लाडकी. "हिच्या गावाला पाणी हाय बघ," म्हणतेस आणि हसतेस. शुक्रवारी फडताळातून करंडा काढतेस, तुझ्या कपाळाला आता त्याचा उपयोग नाही, आणि त्या शहरी बायांच्या उघड्या कपाळांवर एकेक बोट टेकवतेस. एका शुक्रवारी मी विचारते, "कावून लावतीस गं? चित्रं हायत ती."

"बायाच हायत न्हवं? आन माझ्या हातानं दुसरं कोण लावून घेतंय आता?"

त्या दिवशी शेजारी हळदीकुंकू होतं. तुला बोलावणं नव्हतं, मला होतं. मी परकराच्या ओच्यात फुटाणे घेऊन आले होते, ते आपण दोघींनी चुलीपाशी बसून खाल्ले.

परवा चौकटी बसवताना पतसंस्थेच्या मॅनेजरबाई म्हणाल्या, "मॅडम, चित्रं लई भारी हायत, पण कपाळावर हे डाग कशाचे?" तुझं नाव जिभेवर आलं होतं. मी म्हणाले, "कुणातरी पोरानं रंगवलं असेल." मुलांना खरं बोला म्हणून सांगण्यात माझी शाळेतली सगळी नोकरी गेली, माय. एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. मी कापूस ओला केला आणि त्यांच्यासमोर एकेक कपाळ पुसत बसले. तुझ्या विधवापणाची लाज वाटली की तुझ्या भोळेपणाची, अजून कळत नाही. लाज वाटली एवढं खरं. तुझं कुंकू गावच्या बायांनी पुसलं तेव्हा मी दाराला धरून रडले होते. या वेळी मला कुणी सांगितलंही नव्हतं.

आज सकाळी तोच करंडा घेऊन लवकर गेले. तळ्यावरच्या बाईची काच काढली, बोट कुंकवात बुडवलं. तेवढ्यात मॅनेजरबाईंची चाहूल लागली आणि मी ते बोट पदराला पुसलं. तू होतीस तेव्हाही तुला वाचता येत नव्हतं, त्यामुळं हे पत्र कुठं धाडायचं हा प्रश्नच नाही. पदर मात्र अजून धुतलेला नाही.