फोननंतरची भिंत

रविवार, १४ तारीख
दुपार

प्रिय ढापण्या,

कसा आहेस? इकडे आम्ही दोघी खुशाल. तुझ्या मातोश्रींचा गुडघा कुरकुरतो, पण त्यांच्या तोंडापेक्षा कमीच. (हे मी त्यांना वाचून दाखवणार नाहीये.) स्वयंपाकघरातल्या नळाचा वॉशर शेवटी मीच बदलला. तू आल्यावर करतो म्हणाला होतास, तोवर घराचं तळं झालं असतं.

कागद बघून हसू नकोस. कापडाचे तागे ज्यात गुंडाळून जातात तो खाकी कागद आहे. पांढऱ्यावर लिहायला हल्ली त्रास होतो. का, ते सांगते, जरा दमानं घे. तुमच्या साइटवरचा वेल्डर सुट्टी संपवून मंगळवारी तिकडे निघतोय, पत्र त्याच्या हाती देतेय. त्याला बजावलंय, उघडून वाचलंस तर तुझ्या बायकोला सगळं सांगेन. सगळं म्हणजे काय ते मलाही माहीत नाही, पण तो चांगलाच टरकला.

मागच्या रविवारी तू फोनवर म्हणालास, "माझं तोंडच बघायचं नसेल तर सरळ सांग ना." मी म्हणाले, नेट नाही, कॅमेरा लागत नाही. तेवढ्यात मागून आई ओरडल्या, "नेट नाही कसं? मी आत्ता अख्खी मालिका बघितली!" त्यावर तू नुसतं "बरं" म्हणून फोन ठेवलास. तुझं ते "बरं" मला शिव्यांपेक्षा जास्त लागतं.

तर ऐक. माझ्या नजरेला काहीतरी झालंय. आंधळी होत नाहीये, हे आधीच सांगते, नाहीतर तू तिथे क्रेनवरून उडी मारशील. डोळ्यांपुढे सतत बारीक ठिपके वळवळतात. जुन्या टीव्हीवर मुंग्या यायच्या ना, तसे. भिंतीवर, आभाळात, आईंच्या कपाळावर, सगळीकडे. डोळे मिटले तरी आहेतच. दिव्याभोवती कडं दिसतं, कानात बारीक शिट्टी वाजत राहते. मला वाटलं थकवा असेल. आईंचं निदान होतं, उपाशीपोटी चहा.

मग ते ताग्याचं झालं. माझं काम तुला माहीतच आहे. टेबलाखाली दिवे, वरून कापड सरकत येतं, दोष दिसला की यंत्र थांबवायचं आणि खडूनं गोल करायचा. मी पास केलेला तागा आजवर कुणी पुन्हा उघडला नाही, एवढी माझी पत. त्या दिवशी सुपरवायझरनं बोलावलं. पांढरं शर्टिंग पसरलेलं आणि त्यावर माझे निळे गोलच गोल. "बाई, ताग्याला गोवर आला की काय?" आम्ही दोघांनी भिंग लावून एकेक गोल तपासला. आत काही म्हणजे काही नव्हतं. मला मात्र तेव्हाही प्रत्येक गोलात वळवळताना दिसत होतं, आणि सुपरवायझर कापडाऐवजी माझ्याकडे बघत होता. मेल्याहून मेल्यासारखं झालं रे. माणूस तसा बरा, त्यानं काढून नाही टाकलं. गडद चौकड्यांच्या कापडावर बसवलंय. तिथे जमतं मला.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, डोळे ठणठणीत आहेत. मला तिथेच रडू फुटलं, म्हटलं, झालं, आता वेड्यात निघणार. त्यांनी मेंदूच्या डॉक्टरकडे धाडलं. त्यानं दोन-चार प्रश्न विचारले आणि शांतपणे नाव सांगितलं, व्हिज्युअल स्नो. म्हणजे नजरेतला बर्फ. डोळा नीट बघतो, मेंदूला तो गोंगाट आवरत नाही. वाढेलच असं नाही, जाईलच असंही नाही. नाव ऐकून मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! निदान आहे तरी काहीतरी. रंगीत काचांचा चष्मा दिलाय, त्यानं जरा बरं वाटतं. आता हस हवं तेवढं. तुला ढापण्या ढापण्या म्हणून छळणारी बाई गुलाबी ढापणं लावून बाजारात जाते.

मोबाइलच्या उजेडात तुझं तोंड ठिपक्यांत विरघळतं म्हणून कॅमेरा लावत नाही, असं लिहून पत्र संपवणार होते. तुझं समाधानही झालं असतं. पण ते खरं नाही. ठिपक्यांतूनही तू चांगला दिसतोस. ती बकऱ्यासारखी दाढी राखलीस, तीही दिसली होती.

खरं असं आहे की, या दुखण्यात बघितलेली गोष्ट नजरेतून लगेच जात नाही. चमचा उचलला तरी टेबलावर चमचा असतो. फोन ठेवून मान वर केली की तू समोरच्या भिंतीवर. कपाटापासून खिडकीपर्यंत एवढं मोठं डोकं! पहिल्यांदा मी खुळ्यासारखी हसले. पापणीसुद्धा हलवली नाही. मग तू कडांनी फिका व्हायला लागलास. आधी कान गेले, मग हनुवटी, आणि मग नुसती भिंत.

विमानतळावरून तू एकदाच गेलास. त्यानंतर दर फोनला जायला लागलास. ते दर रविवारी बघण्याचं बळ नव्हतं माझ्यात. म्हणून कॅमेरा बंद. राग नव्हता, आणि दुसरं काही तर नव्हतंच, येड्या.

आईंनाही हे सांगितलंय. परवा तुझा जुना फोटो फोनवर मोठा करून मी एकटक बघितला आणि भिंतीकडे वळले, तर या शेजारी येऊन बसल्या. "कुठे आहे गं?" मी बोट दाखवलं. बराच वेळ बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "बारीक झालाय का?" मी म्हणाले, नाही, चांगला आहे. त्या पदरानं तोंड पुसत उठल्या.

महिनाअखेरीला तुला पुढच्या दोन वर्षांच्या करारावर सही करायची आहे. तू विचारलंस तेव्हा मी म्हणाले, "तुला योग्य वाटेल ते कर." उगाच मोठेपणा केला. मी ये म्हटलं तर तू सगळं टाकून येशील हे मला पक्कं ठाऊक आहे, म्हणून जीभ रेटत नव्हती. आज रेटतेय. सही करू नकोस. मिळेल त्यात भागवू, मी कमावतेच आहे.

मला फार आठवण येते रे तुझी. मी नजर दुसरीकडे वळवली तरी जागचा हलणार नाही, असा माणूस मला घरात हवाय. ये.

तुझ्यावाचून अडून बसलेली,
तुझी बायको