भाऊसाहेबाची मुदत

७ ऑक्टोबर २००२, सोम.
भाऊसाहेबाला आज ओट्याची पायरी चढता आली नाही. एकच पायरी, वीतभर. पुढचे पाय वर ठेवले, मागच्यांची वाट पाहिली, ते आले नाहीत. मग तिथेच बसला, जणू तिथेच बसायचं ठरवून आला होता. कुत्र्याला सरकारी नाव ठेवलं की हे असं. चूक कबूल करायची नाही.
सौ.ने पायरीखाली पोतं अंथरलं. म्हणाली, आजपासून ह्याचं हापिस हितंच.

१० ऑक्टो., गुरु.
जनावरांचे डॉक्टर येऊन गेले. मोतीबिंदू, कान गेलेले, कंबर गेलेली, आत मूत्रपिंडाचंही काहीतरी. वय विचारलं. नव्वदच्या दिवाळीनंतरचं, म्हणालो. त्यांनी बोटं मोजली आणि बॅग बंद केली. हाल करण्यापेक्षा एक इंजेक्शन देऊ, शांत झोपेल.
म्हणालो, वाडा येऊन जाऊ दे. डॉक्टर नवे, त्यांना सांगावं लागलं. वाडा म्हणजे धोंडिबा धनगराच्या मेंढ्या. दर दिवाळीनंतर आणे पठारावरून उतरतात, माळशेज घाटाने कोकणात जातात. जाताना आमच्या रानात तीन दिवस बसतात. रानाला खत होतं, आम्ही बाजरी देतो. हे कुत्रं त्या वाड्यावरचं.
वीस वर्षं साप्ताहिकातल्या सदरात कचेऱ्यांच्या तारखांवर दात काढले. आज स्वतः तारीख मागून घेतली. डॉक्टर म्हणाले, खाणं सोडलं की निरोप द्या, मग थांबू नका.

१५ ऑक्टो., मंगळ. दसरा.
आपट्याचं पान त्याच्याही पुढ्यात ठेवलं. हुंगलं. सोनं नाही हे त्याला बारा वर्षांपूर्वीच कळलं होतं.
धोंडिबाच्या आईने पिल्लू दिलं तो दिवस आठवला. कपाळाला भंडारा लावला, घोंगडीतून काढून माझ्या हातात दिलं. काय द्यायचं, असं विचारायचा शहाणपणा मी केला. म्हातारी तडकली. "वाड्यावरचं कुत्रं देत न्हाईत. ठिवाया दिलंय. थकलं की सांग."
म्हातारी गेली त्याला पाच वर्षं झाली. सांगायचं राहिलंच आहे.
नाव माझं काम. दिवसभर झोपायचा, नेमका जेवणाच्या वेळी हजर. तलाठ्याला सगळे भाऊसाहेब म्हणतात, म्हणून हाही. एकदा सौ. ओरडली, "भाऊसाहेब, मुडद्या, परत चुलीपाशी?" आणि रस्त्यावर खऱ्या भाऊसाहेबांची मोटरसायकल थांबली. त्या साली आमचा सातबारा चार महिन्यांनी मिळाला.
धोंडिबा त्याला खंड्या म्हणतो. तो दोन्ही नावांना यायचा.

२४ ऑक्टो., गुरु.
मानेखाली चिघळलंय, म्हणून खिळ्यांचा पट्टा काढला. बिबट्याने मान धरू नये म्हणून लोहाराकडून करून घेतलेला. खाली एवढीशी मान निघाली. एवढ्याशा मानेच्या जिवावर आम्ही बारा वर्षं निर्धास्त झोपलो.
आता दिवस कलला की उचलून आत घेतो. जड नाही. हेच वाईट.

२ नोव्हें., शनि.
शेजारच्या शंकरचा कांदा लावून झाला. आमचं बाजरीचं रान तसंच रिकामं. पारावर माझ्या शेतीवर विनोद चाललेत, बहुतेक माझ्याच सदरातले चोरून.
सौ. म्हणाली, कांद्याचं रोप उभ्या उभ्या पिवळं पडतंय. मी मेंढ्यांच्या खताचं महत्त्व सांगायला लागलो. म्हणाली, "ते सदरात लिवा. मला ठावं हाय कशासाठी थांबलाय ते."
संध्याकाळी तीच भा.सा.ला दुधात भाकरी कुस्करून चारत होती. बोटाने.

६ नोव्हें., बुध. भाऊबीज.
लेक कुंदा पुण्याहून आली. चुलतभावांची ओवाळणी वगैरे उरकून तासभर पोत्यावर त्याच्याशेजारी.
चौऱ्याण्णव साल निघालं. दरवर्षी तीन दिवस तो मेंढ्यांत जायचा, आम्हाला ओळखसुद्धा दाखवायचा नाही. चौथ्या दिवशी वाडा हलला की मुकाट्याने घरी. त्या साली आला नाही. कुंदा सातवीत. जेवण सोडलं. वहीच्या कागदावर जाहिरात लिहून एसटी स्टँडवर चिकटवली: हरवला आहे. रंग मातकट. स्वभाव बाबांसारखा. सतराव्या दिवशी आला, लंगडत, चांगला जाड होऊन. शरम काडीची नाही.
खूप हसलो. मग निघताना म्हणाली, "बाबा, तुम्ही वाड्यासाठी थांबलाय की तुमच्यासाठी?"
जीभ माझ्यावर गेली आहे पोरीची.

११ नोव्हें., सोम.
कालपासून काही खाल्लं नाही. दुपारी डॉक्टरांना चिठ्ठी लिहिली. दोन ओळी. आयुष्यात इतकं आटोपशीर कधी लिहिलं नव्हतं. फाट्यापर्यंत जाऊन परत आलो, चष्मा विसरला म्हणून. चष्मा डोळ्यांवरच होता.
परत आलो तर वाटीभर दूध प्यालेला. चिठ्ठी चुलीत.

१४ नोव्हें., गुरु.
दुधाच्या टेम्पोवाल्याने खबर आणली. वाडा आणे घाट उतरून आळेफाट्याच्या अलीकडे आहे. परवापर्यंत पोचेल. दूध घालायचं विसरून तिथूनच परत फिरलो.

१५ नोव्हें., शुक्र.
वाड्यावरची माणसं काय म्हणतील, कुत्र्याची काय दशा केली, म्हणून सौ.ने आणि मी मिळून त्याला आंघोळ घातली. ऊन पाणी, दिवाळीचं उरलेलं उटणं, कुंदाचा वासाचा साबण. जुन्या लुगड्याने पुसला. उन्हात बसवला. बारा वर्षांत इतका देखणा दिसला नव्हता.

१६ नोव्हें., शनि.
आमच्याइतके अडाणी उभ्या पिंपरी पेंढारात नसतील.
वाडा दुपारी आला. धूळ, घंटा, घोड्यावर बिऱ्हाड. भा.सा.ला काही ऐकू येत नाही, पण नाक वर झालं. उठला. कसा ते माहीत नाही. बांधावरून रानात गेला, दोनदा बसला, दोनदा उठला. आणि वाड्यावरची दोन तरणी कुत्री दात काढून अंगावर आली. मेंढ्या बाजूला सरकल्या. तो मधोमध उभा. शेपटी हलवत होता, हळूहळू थांबली.
धोंडिबाने कुत्री हाकलली, खाली बसला, त्याचं डोकं हुंगलं आणि माझ्याकडे बघितलं. "भाऊ, कुत्रं हाय का नवरदेव? वळखायचं कसं त्यांनी? ह्याचा वास पार पुसला तुमी."
 
धोंडिबाने आपली घोंगडी त्याच्यावर टाकली, वरून खसखसून चोळली. मुठीने ओल्या लेंड्या घेऊन पाठीला, पोटाला, कानामागे लावल्या. सौ. लुगडं नाकाला लावून बघत होती, मग तीही बसली नि चोळायला लागली. उन्हं कलेपर्यंत भा.सा. पुन्हा बारा वर्षांचा घाण झाला. एक म्हातारी मेंढी आली, हुंगून त्याला टेकून बसली.
आज त्याला आत आणला नाही. धोंडिबा म्हणाला, वाघर हाय, जाळीच्या आत निजंल, आमी हावोत.

१८ नोव्हें., सोम.
तीन दिवस तिथेच. खातो थोडं, धोंडिबाच्या हातचं. मी गेलो की मान वर करतो, परत खाली ठेवतो. दरवर्षीचंच. दरवर्षी याचा राग यायचा, यंदा बरं वाटलं.
धोंडिबाला इंजेक्शनचं सांगितलं. त्याच्या आईचं बोलणंही. थकलं की सांग. म्हणालो, सांगतोय आता.
धोंडिबाने तंबाखू मळली. वाटेत जाईल, म्हणाला, घाटापतुर बी पुरायचा न्हाई. पण घोड्यावर जागा हाय. आन् हितं ऱ्हायला तर तुमचं दार हाय.
मी म्हणालो, तू सांग काय करू.
"काय करू नका. सकाळी वाडा हालंल. बांधायचं न्हाई, हाक मारायची न्हाई. त्याला काय पायजे ते त्यो करील. तुमचं त्येवढंच काम, लई अवघड हाय पर."

१९ नोव्हें., मंगळ. सकाळ.
ओट्यावर बसून लिहितोय, हाताला काहीतरी हवं म्हणून.
वाघर गुंडाळली. घोडं लादलं. मेंढ्या उठल्या, पुढची रांग ओतूरच्या अंगाला लागलीसुद्धा. रिकाम्या रानात तो एकटा उठून उभा आहे, घराला पाठ नाही, वाड्यालाही पाठ नाही, आडवा. नाक वर. धोंडिबा घोड्याचा लगाम धरून बांधापाशी थांबलाय, वळून बघत नाही. सौ.ने पायरीखालचं पोतं झटकून परत अंथरलं आणि वर दुधाची वाटी ठेवली, आवाज न करता. त्याला तसंही ऐकू येत नाही.
दोन्ही नावं तोंडात आहेत. एकाही नावाने हाक मारली नाही.
एक पाय उचलला त्याने. कुठे जातो ते बघायला वही मिटतो.